सातबाऱ्यातला गोल आकडा

मोबाइल हातात आहेच, तर ऐकता ऐकता एक काम करा. महाभूलेखची साइट उघडा आणि घरच्या जमिनीचा गट नंबर टाकून सातबारा काढा. उताऱ्यात भोगवटादारांच्या नावापुढे क्षेत्र आहे, आकार आहे, आणि ‘फे.फा.’ नावाच्या बारक्या रकान्यात कंसात एक आकडा आहे. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर हाच आकडा नावाजवळ गोल करून लिहिलेला असायचा. खाली ‘जुने फेरफार क्र.’ म्हणून अशा आकड्यांची आणखी एक रांग असते. बहुतेक लोक नाव बघतात, क्षेत्र बघतात आणि उतारा बंद करतात. आजचा सगळा भाग त्या आकड्यावर आहे.

मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो. आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी कटकट अशी, की एकच गोष्ट दोन-तीन टेबलांत लिहिलेली असते. एकीकडे बदलली, दुसरीकडे राहिली, की दोन्ही रेकॉर्ड खोटं बोलायला लागतात आणि खरं कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही. आता आमचं इंदुरी घ्या. तळेगाव-चाकण रस्त्यावरचं इंद्रायणीकाठचं गाव, दाभाड्यांचा किल्ला, आत कडजाई देवीचं देऊळ. चाकण आणि तळेगावची एमआयडीसी वाढली, द्रुतगती मार्ग आला, तशी इथली शेतजमीन म्हणजे नुसती शेतजमीन राहिली नाही. एका आराची, म्हणजे शंभर चौरस मीटरची चूक असेल, तर ती एका घराच्या जागेची चूक असते. आणि ती चूक होण्याच्या जागा भरपूर आहेत, कारण एकाच जमिनीची माहिती किमान चार ठिकाणी असते. गाव नमुना ७ मध्ये हक्क कुणाचा. ८-अ मध्ये एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन. नमुना १, म्हणजे आकारबंदात, त्या नंबरचं मूळ क्षेत्र आणि आकार. आणि भूमी अभिलेख खात्याकडे नकाशा. (सातबारा म्हणजे नमुना ७ आणि पिकांचा नमुना १२ एकत्र. गावाचे असे एकूण २१ नमुने आहेत.)

हे चार कागद जुळते ठेवायचे कसे, हा प्रश्न सर्व्हर आल्यावर पडलेला नाही. तो पुणे जिल्ह्यात निदान दोनशे वर्षं चालू आहे.

पेशवाईत गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे आणि वरचा हुजूर दप्तरात. आजच्या भाषेत तीन प्रती, तीन वेगळ्या हातांत. एकाने खाडाखोड केली तर दुसऱ्याच्या कागदावर पकडता यायची. पुढे १८५० च्या दशकात इंग्रजांच्या इनाम कमिशनने हीच युक्ती उलटी वापरली. इनामदाराच्या घरातली सनद आणि पुण्यातल्या पेशवे दप्तरातली नोंद समोरासमोर ठेवायची. जुळत नसेल तर इनाम अडचणीत. घरात सनद जपून ठेवली होती, पण दप्तरात नोंद सापडत नाही, म्हणून किती घरं हवालदिल झाली असतील याचा विचार करा.

इंग्रजी मोजणीची सुरुवातही आपल्याच जिल्ह्यातली. १८२८ च्या सुमाराला पुण्याचा असिस्टंट कलेक्टर प्रिंगल याने मोजणी केली. हिशेब कागदावर फार बारीक, पण मापं चुकीची, खालचे कर्मचारी लाच खाणारे, सारा न झेपणारा. ती फसली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. त्यांनी एक साधी गोष्ट ठरवली: जमिनीच्या तुकड्याला नंबर द्यायचा, हद्दीला दगड लावायचे, आणि सारा त्या नंबरावर बसवायचा. मालक बदलेल, पीक बदलेल, नंबर बदलणार नाही. डेटाबेस शिकलेल्यांनी ओळखलं असेल, ही प्रायमरी की आहे. सर्व्हे नंबर.

पण त्या वहीत एक मोठी उणीव होती. सरकारला सारा कोण भरतो एवढंच हवं होतं, त्यामुळे वहीत नाव खातेदाराचं. जमीन प्रत्यक्षात कोण कसतं, कुणाकडे गहाण आहे, भावांत वाटणी झाली का, याची नोंद ठेवायची सक्तीच नव्हती. बाप गेला तरी नाव बापाचं. सावकाराने जमीन घेतली तरी कधी नाव कुळाचं, कधी सावकाराचं. वही आणि शिवार यांच्यातलं अंतर दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं.

मे १८७५ मध्ये सुप्यात जो उठाव झाला, ज्याला इंग्रजांनी ‘डेक्कन रायट्स’ म्हटलं, त्यात लोकांनी सावकारांकडून काय हिसकावून घेतलं? मुख्यतः कर्जरोखे. ते घेतले आणि जाळले. माझ्या डोळ्याने बघितलं तर तो रेकॉर्डवरचा राग होता. कर्जाची एकच प्रत, ती सावकाराच्या पेटीत, आणि त्यात काय लिहिलंय ते शेतकऱ्याला वाचता येत नाही. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात म्हणूनच गावनिबंधक नेमायची तरतूद आली. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा रोखा निबंधकासमोरच लिहिला गेला पाहिजे, नाहीतर कोर्टात चालणार नाही. पण जमिनीच्या हक्काची वही अजून होती तशीच.

ती १९०३ मध्ये बदलली. मुंबई इलाख्याचा अधिकार अभिलेख कायदा त्या वर्षी झाला, आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच सामावला गेला. आजचा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा असला तरी त्यातली रेकॉर्डची कल्पना तीच आहे. आणि ही कल्पना मला मनापासून आवडते. ती अशी: हक्काच्या वहीत कुणीही थेट काही बदलायचं नाही. आधी बदल स्वतंत्र वहीत लिहायचा, त्याला क्रमांक द्यायचा. कोणी, कुणाला, कशामुळे, किती क्षेत्र. ही फेरफार नोंदवही, गाव नमुना ६. मग संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आलीच तर नोंद वादाच्या वहीत, ६-अ मध्ये जाते आणि सुनावणी होते. हे सगळं झाल्यावर वरचा अधिकारी, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करतो. आणि मगच सातबारा बदलतो. जुन्या नावाला कंस पडतो, नवं नाव खाली येतं, आणि त्याच्याजवळ फेरफाराचा क्रमांक. आपला गोल आकडा.

म्हणजे सातबारा हा मुळात निकाल आहे. खरा इतिहास फेरफारात आहे. सगळे फेरफार पहिल्यापासून क्रमाने वाचले, तर आजचा सातबारा पुन्हा तयार करता आला पाहिजे. आज मोठ्या सिस्टिम अशाच बांधतात: आधी लॉग, मग टेबल. बँकेचा सर्व्हर मध्येच बंद पडला तरी तुमचे पैसे हवेत विरत नाहीत, ते याच रचनेमुळे. एडगर कॉड या संशोधकाने आयबीएममध्ये रिलेशनल डेटाबेसचा पेपर लिहिला १९७० मध्ये. त्याच्या दोन पिढ्या आधी मावळातला तलाठी दौतीत टाक बुडवून लॉग लिहीत होता.

यात पेन्सिलीचा एक फार सुंदर नियम होता. फेरफार नोंदला पण अजून प्रमाणित झाला नाही, तोवर तलाठ्याने सातबाऱ्यावर त्याचा उल्लेख पेन्सिलने करायचा. मंजूर झाला की शाईने, नामंजूर झाला की खोडायचा. म्हणजे त्या मधल्या पंधरा-वीस दिवसांत कुणी ती जमीन विकत घ्यायला आला, तर त्याला दिसायचं की इथे काहीतरी चालू आहे. हात लिहिता असेपर्यंत हे जमलं. उतारे संगणकावर आले आणि पेन्सिल गेली. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हा त्यात ‘प्रलंबित फेरफार’ दाखवायची सोय आली. पेन्सिल परत आली म्हणा ना.

आता इतकी चांगली रचना असूनही आपल्या गावागावांत सातबाऱ्याची भांडणं का? माझं मत असं, की जिथे जिथे कागद बिघडला, तिथे कुणीतरी फेरफाराचा रस्ता टाळलेला असतो, किंवा तो रस्ता पुढे दुसऱ्या खात्याच्या दारात संपलेला असतो.

पहिलं उदाहरण ‘ए.कु.मॅ.’. जुन्या उताऱ्यात थोरल्या भावाच्या नावापुढे ही अक्षरं दिसतील: एकत्र कुटुंब मॅनेजर. चार भावांची जमीन, पण वहीत एकच नाव. लिहायला सोपं. थोरला जिवंत असेपर्यंत सगळ्यांना अर्थ माहीत. तो गेला, त्याच्या मुलांनी वारस नोंद केली, आणि पुढच्या उताऱ्यात फक्त त्याचीच मुलं. ती तीन बारीक अक्षरं पुढे लिहायची राहिली, की तीन भावांची घरं कागदावरून उतरली. बहिणींचं तर बोलायलाच नको. कायद्याने मुलीचा हक्क १९५६ मध्ये काही प्रमाणात आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलाच्या बरोबरीने आला, पण वारस नोंदीच्या अर्जात नाव घालणारा हात भावाचाच असतो. फेरफारात नाव नाही तर सातबाऱ्यात कुठून येणार?

दुसरं, पुनर्लेखन. हस्तलिखित सातबाऱ्याचं पुस्तक दर दहा वर्षांनी नव्याने लिहायचं असे, कारण कंस आणि खाडाखोडीने पान भरून जायचं. कंसातली नावं सोडायची, चालू तेवढी उतरवायची. शेकडो पानं, एक माणूस, हाताने. यात इतर हक्कातलं कुळाचं नाव गळालं, बोजा राहिला, विहिरीतला हिस्सा राहिला, असं होणारच. आणि इथे गंमत बघा: गळालेल्या नावाचा फेरफारच नसतो. नाव गेलं, पण कोणत्या क्रमांकाने गेलं? उत्तर नाही. जमिनीच्या दाव्यात अनुभवी वकील सगळ्यात आधी हेच शोधतात. दोन पुस्तकं शेजारी ठेवायची आणि बघायचं, नाव ज्या क्रमांकाने कमी झालं तो फेरफार खरोखर वहीत आहे का.

तिसरं उदाहरण माझं आवडतं आहे, कारण त्यात खलनायकच नाही. जुनी मापं एकर-गुंठ्यात, नवी हेक्टर-आरमध्ये. एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर. समजा एक नंबर ३ एकर ७ गुंठ्यांचा आहे, म्हणजे १२७ गुंठे. आरमध्ये १२८.४९. पूर्ण आकड्यात लिहिलं तर १२८. आता तीन भावांची समान वाटणी: प्रत्येकी ४२.८३, पूर्ण आकड्यात ४३. तीन त्रिक ४३ झाले १२९. उताऱ्याच्या वर एकूण क्षेत्र १२८ आर, खाली हिश्श्यांची बेरीज १२९. कुणी चोरी केली नाही, कुणी चूक केली नाही, तरी एक आर जादा जन्माला आला. कागदावर हे कुणी जोडून बघत नव्हतं. संगणक बघतो.

याच काळात की बदलण्याचाही प्रकार झाला. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना राबवल्या, विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले, आणि सर्व्हे नंबरच्या जागी गट नंबर आले. जुना नंबर कोणता आणि नवा कोणता, याचं कोष्टक योजनेच्या कागदांत असतं. तो कागद नसेल तर १९३० चं खरेदीखत आणि आजचा सातबारा यांच्यामधला पूलच तुटलेला असतो. त्यात कुळकायदा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कुळं कायद्याने मालक झाली, पुढे ३२-म ची प्रमाणपत्रंही मिळाली. पण कित्येकांनी प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि फेरफार केलाच नाही. मालकी मिळाली, वहीला कळलं नाही.

मग आला संगणक. साधारण २००० च्या आसपास सातबारे टाइप व्हायला लागले आणि पुढे ई-फेरफार ही ऑनलाइन प्रणाली आली. आता दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं, की त्याची माहिती थेट तलाठ्याच्या स्क्रीनवर पोचते. (तलाठ्याचं नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात, मीही म्हणतो.) तलाठी फेरफार तयार करतो, नोटिसा काढतो, मुदत संपली की मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, आणि त्याच क्षणी सातबारा आणि ८-अ दोन्ही एकत्र बदलतात. एक बदलला आणि दुसरा राहिला, असं होत नाही. १९०३ ची रचना, फक्त हाताच्या जागी कोड.

पण नवी सिस्टिम चालू करायची तर आधीचा डेटा जुळलेला हवा, आणि तो नव्हता. मूळ हस्तलिखित आणि टाइप केलेला उतारा यांत फरक, क्षेत्राचा मेळ नाही, खाती दुबार. एकच माणूस ‘रामभाऊ’ आणि ‘रामचंद्र’ अशा दोन नावांनी दोन खात्यांवर. सॉफ्टवेअरने न जुळणाऱ्या उताऱ्यांच्या याद्याच काढून दिल्या, आणि जोवर मेळ बसत नाही तोवर त्या सातबाऱ्यावर डिजिटल सही होऊ शकत नाही. लोकांना वाटलं संगणकाने घोळ केला. टायपिंगच्या चुका झाल्या हे खरं, पण बराचसा घोळ वहीत आधीपासून झोपलेला होता. ते १२९ आर जुनेच होते.

दुरुस्तीसाठी २०१७ मध्ये जे केलं, ते कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीने शिकावं असं आहे. चावडी वाचन. गावात सभा लावायची आणि तलाठ्याने गावाचे सातबारे मोठ्याने वाचून दाखवायचे. ज्याचं चुकलंय तो तिथेच बोलतो. ज्याचं नाव गळालंय त्याला पहिल्यांदा कळतं. आमच्याकडे डेटा तपासायला स्क्रिप्ट लिहितात. पण ‘रामभाऊ आणि रामचंद्र एकच’ हे स्क्रिप्टला कळत नाही, पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला कळतं. लेखनप्रमादाच्या दुरुस्त्या महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली करायच्या, आणि त्याही फेरफार टाकूनच. दुरुस्तीचासुद्धा नंबर पडतो. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचे सातबारे लोकांसाठी खुले झाले.

आता राहिला नकाशा, आणि इथे मात्र मला उत्साह दाखवता येत नाही. सातबारा महसूल खात्याचा, नकाशा भूमी अभिलेखचा. गटातली अर्धी जमीन विकली, फेरफार झाला, सातबाऱ्यावर दोन पोटहिस्से पडले. पण नकाशात तो गट अजून एकच. बांध कुठून गेला ते शिवारात माहीत आहे, कागदावर नाही. मोजणी करून आकारफोड पत्रक, कमी-जास्त पत्रक झालं तर दोन्ही खाती जुळतात. ते पैसे भरून मागितल्याशिवाय होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं राहतं. शेजारी कर्नाटकात गटाचा तुकडा विकायचा तर आधी मोजणीचा ‘११-ई’ नकाशा लागतो, त्याशिवाय दस्तच नोंदवत नाहीत. तिथे नकाशा आधी आणि नाव नंतर. आपल्याकडे नाव आधी, नकाशा जमलं तर. मावळातल्या गुंठेवारीच्या भांडणांचं मूळ मला इथे दिसतं. सातबारा दोघांचाही बरोबर असतो आणि कुंपण मात्र एकाच जागी घालायचं असतं.

आणखी एक गोष्ट तरुण लोकांनी नीट ऐका, कारण पुढे प्लॉट घ्यायचा असेल. सातबारा मालकीची हमी देत नाही. कलम १५७ म्हणतं, की नोंद खरी धरायची, उलट सिद्ध होईपर्यंत. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने १८५८ मध्ये जी पद्धत आणली, तिच्यात रजिस्टरमध्ये नाव आलं की तीच मालकी, मागचे कागद बघायची गरज नाही. आपली पद्धत तशी नाही. म्हणून नुसता आजचा उतारा बघून पैसे देऊ नका. त्यातले सगळे गोल आकडे कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. वेळ लागेल. नव्वद टक्के कंटाळवाणं निघेल: सोसायटीचं कर्ज, बोजा चढवला, बोजा उतरवला. मध्येच एखादी वारस नोंद येईल. तिच्यात आज्याला किती मुली होत्या आणि किती लिहिल्या, ते मोजा.

कोड कितीही चांगला असला तरी एक बदल असा आहे, जो आपोआप वहीपर्यंत पोचत नाही: मृत्यू. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, जमिनीची तलाठ्याकडे. दोन्ही कार्यालयं कित्येक गावांत हाकेच्या अंतरावर, पण एका वहीतून दुसऱ्या वहीत धागा नाही. वारसांनी येऊन सांगावं, तेही कायद्याने तीन महिन्यांत, ही अपेक्षा. म्हणून कित्येक मेलेले शेतकरी अजून जमिनीचे मालक आहेत, आणि त्यांच्या नातवाला पीककर्ज मिळत नाही. २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली, आधी बुलढाणा जिल्ह्यात, मग राज्यभर. तलाठ्याने स्वतः चावडीत वाचन करून मयत खातेदारांची यादी करायची, घरच्यांकडून मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घ्यायची, आणि फेरफार टाकायचा. नाव मजेशीर आहे, काम नाही. तुमच्या घरचा उतारा आता उघडलेलाच असेल तर बघा त्यात कोण आहे. आजोबा असतील तर आत्यांना फोन करा, आधार कार्डं आणि दाखले गोळा करा, आणि अर्जात सगळ्यांची नावं लिहा. पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर तुमच्या घराण्याचा एक नवा नंबर पडेल.